अरणचे सावतोबा आणि त्यांचा मळा

चैत्र लागला की आपल्या मंडळाच्या भगिनींची एक वेगळीच लगबग सुरू होते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला जावयाचे, कैरीची डाळ खावयाची, पन्हे प्यावयाचे आणि निघताना त्या घरच्या मोगऱ्याची फुले पदरात घेऊन यावयाचे. नुसती फुलेच नव्हेत. कोणी जुईची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून देते, कोणी तुळशीची रोपे देते, कोणी पानफुटीचे एक पान देऊन हे मातीवर नुसते टाकून ठेवा म्हणून सांगते. श्रीगोंद्यासारख्या कमी पावसाच्या गावी, जेथे चैत्र-वैशाखात भाजी धुतलेले पाणीसुद्धा झाडाच्या मुळाशी ओतून बाग जगवावी लागते, तेथे ही देवाणघेवाण लहान म्हणता येणार नाही.

राजेराण्यांची चरित्रे आपण पुष्कळ वाचतो. या वेळच्या स्मरणिकेत बाग करणाऱ्या माणसाचे चरित्र असावे असे मनात आले, आणि असे म्हटल्याबरोबर संत सावता माळी यांच्याशिवाय दुसरे नाव पुढे येईना.

आपल्या गावाला संत परके नाहीत. शेख महंमद महाराजांची समाधी येथेच आहे. जन्माने मुसलमान असूनही वारकऱ्यांनी त्यांना आपल्या संतमालिकेत मानाने बसविले आहे. आपल्या तालुक्याच्या दक्षिणेकडून जी भीमा वाहते तीच पुढे पंढरीला चंद्रभागा होते. त्याच भीमेच्या खोऱ्यात, सोलापूर जिल्ह्यातील माढे तालुक्यात, मोडनिंबजवळ अरण नावाचे गाव आहे. ते सावतोबांचे गाव.

सावतोबांचा जन्म शके 1172 म्हणजे इसवी सन 1250 मधला. तेव्हा देवगिरीला यादवांचे राज्य होते. सावतोबांचे आजोबा देवू माळी हे औसे येथून अरणला येऊन राहिले असे सांगतात. वडिलांचे नाव परसोबा आणि आईचे नांगिताबाई. दोन्ही घरी माळ्याचाच धंदा आणि विठ्ठलाची भक्ती. ज्ञानेश्वर महाराजांचा जन्म 1275 चा धरतात, म्हणजे सावतोबा त्यांच्याहून पंचवीस वर्षांनी वडील. त्या काळात संतांची जी मांदियाळी जमली तिच्यात तेरचे गोरोबा कुंभार, मंगळवेढ्याचे चोखोबा, पंढरीचे नरहरी सोनार, नामदेव शिंपी अशी निरनिराळ्या धंद्यांची माणसे होती. त्यांच्यात मळ्याचे काम करणारे ते सावतोबा.

माळ्याचा धंदा म्हणजे काय हे आपल्या भागातल्या वडीलधाऱ्या बायकांना सांगावयास नको, पण हल्लीच्या मुली नळ सोडला की पाणी आले एवढेच पाहतात, म्हणून थोडे लिहिते. विहिरीवर चाक असे. चामड्याची मोट नाड्याला बांधून बैल धावेवरून खाली उतरत गेले म्हणजे भरलेली मोट वर येई आणि थारोळ्यात रिती होई. मग बैल मागे सरकवावयाचे, मोट पुन्हा पाण्यात सोडावयाची. असे दिवसभर. थारोळ्यातले पाणी पाटाने वाफ्यापर्यंत जाई, आणि तेथे कोणीतरी खोरे घेऊन दारे धरावयास उभे असे. एक वाफा भरला की त्याचे दार मातीने बंद करावयाचे आणि पुढच्याचे फोडावयाचे. थोडे लक्ष चुकले तर एका वाफ्यात तळे होते आणि दुसरा कोरडा राहतो. त्याशिवाय खुरपणी, शेण टाकणे, रोपे लावणे, पाखरे हाकणे, भाजी काढून जुड्या बांधणे. जिराईत शेतकऱ्याला पेरणी झाली की चार दिवस कोठे जाता येते. बागाइताला तशी सवड नाही.

सावतोबा पंढरीला का गेले नाहीत याचे उत्तर या कामातच आहे असे मला वाटते. अरणपासून पंढरपूर काही फार लांब नाही. आजही सकाळी निघून दर्शन घेऊन संध्याकाळी घरी येता येते. वारकऱ्यांच्या मोठ्या वाऱ्या चार: आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री. त्यांतली चैत्री वारी नेमकी अशा वेळी येते की विहिरीचे पाणी तळाशी गेलेले असते, ऊन वाढलेले असते आणि भाजीचा वाफा दोन दिवस कोरडा राहिला तर मान टाकतो. माळ्याने मळा टाकून जावे तरी कसे? सावतोबांनी तो प्रश्नच निराळ्या रीतीने सोडविला. त्यांचा सर्वांत प्रसिद्ध अभंग घरोघरी म्हटला जातो. त्यात ते मळ्यातली एकेक भाजी, मोट, नाडा, विहीर या साऱ्यांची नावे घेतात आणि या सर्वांत आपला विठोबाच भरला आहे असे म्हणतात. देव भाजीत आहे, मग भाजीला पाणी घालणे हेच त्याला स्नान.

हे बोलावयास सोपे आहे. पण त्या काळी तीर्थ, व्रत, योग, याग यांचे केवढे स्तोम होते! ज्याला त्यातले काही साधत नाही त्याला देव नाही, अशीच पुष्कळांची समजूत होती. सावतोबांनी आपल्या अभंगांतून नामस्मरण आणि नेमून दिलेले काम एवढेच पुरे म्हणून स्वच्छ सांगितले. आपण बायका याचा विचार करू या. आषाढात निवृत्तिनाथांची पालखी नगरहून मिरजगाव, करमाळ्याकडे जाते. आपल्यापैकी कितीजणींना तिच्या मागून आठ पावले जाता आले? घरात म्हातारी माणसे, मुलांच्या शाळा, गोठ्यातले जनावर. मनात चुटपुट लागते आणि आपण भाकरी थापीत राहतो. सावतोबांचे चरित्र वाचल्यापासून ती चुटपुट मला पूर्वीइतकी टोचत नाही.

त्यांच्या पत्नीचे नाव जनाई. अरणजवळच्या भेंड गावच्या माळ्याची ही मुलगी. (नामदेवांच्या घरच्या जनाबाई त्या निराळ्या. हा घोटाळा पुष्कळांचा होतो.) त्यांना विठ्ठल नावाचा मुलगा आणि नागाताई नावाची मुलगी झाली. जनाईची एक गोष्ट सांगतात. एकदा भेंडहून तिच्या माहेरची माणसे आली. सावतोबा भजनात रंगले होते. त्यांनी ना उठून रामराम केला, ना पाय धुवावयास पाणी दिले. जनाईला फार राग आला. पुढे सावतोबांनी गोड शब्दांत समजूत घातली आणि तिचा राग शांत झाला, असे म्हणून चरित्रकार पुढच्या गोष्टीकडे वळतात.

मी मात्र येथे थोडी थांबणार आहे. माहेरची माणसे उंबऱ्यात उभी आणि नवरा डोळे उघडीत नाही, यात त्या बाईची काय अवस्था झाली असेल ते कोणत्याही भगिनीला कळेल. तिचा राग खोटा नव्हता. देव मुळ्यात आहे आणि कोथिंबिरीत आहे, तर दारी आलेल्या पाहुण्यांतही तो असलाच पाहिजे, हे तिचे म्हणणे सावतोबांच्याच शिकवणुकीतून निघते. सावतोबा रागावले नाहीत, नरमाईने बोलले, यावरून त्यांनाही ते पटले असावे असे मी धरून चालते. मळा काही एकट्या पुरुषाच्या हाताने होत नाही. खुरपे आणि टोपली तिच्याही हाती असणारच.

दुसरी गोष्ट सर्वांना ठाऊक आहे ती खुरप्याची. पैठणचे कूर्मदास हे हातपाय नसलेले भक्त. ते जमिनीवर लोळत पंढरीला निघाले आणि लऊळ गावापर्यंत येऊन थकले. त्यांना भेटावयास खुद्द पांडुरंग निघाले. बरोबर ज्ञानदेव आणि नामदेव होते. वाटेत अरण लागले. देवाला सावतोबांच्या मळ्यात शिरण्याची इच्छा झाली आणि नामदेवांना आपल्या सहवासाचा जरा अभिमान झाला आहे हेही देवाने जाणले. तेव्हा देव एकटेच मळ्यात शिरले आणि मला लपव म्हणाले. सावतोबांनी हातातल्या खुरप्याने आपली छाती फाडली आणि देवाला हृदयात ठेवून वरून घोंगडी पांघरली. नामदेव शोधीत, रडत आले. शेवटी बाहेर राहिलेला पीतांबराचा शेव त्यांना दिसला आणि देव सापडला. ही आख्यायिका आहे, इतिहास म्हणून तिचा पुरावा कोणी मागू नये. पण देव ज्याच्याकडे चालत आला तो एवढा मोठा माळी, हे लोकांनी मानले होते एवढे तिच्यावरून दिसतेच. आणि देवाला लपावयास जागा हवी होती तर तो देवळात गेला नाही, वाफ्यात गेला, हे मला फार गोड वाटते.

सावतोबा अभंग म्हणत, आणि गावातले काशीबा गुरव ते उतरवून घेत. त्यातले 37 अभंग आज उपलब्ध आहेत. काशीबा नसते तर तेही राहिले नसते. त्या प्रसिद्ध अभंगात हल्ली जो पाठ म्हणतात त्यात मिरचीचेही नाव येते. मिरची तर समुद्रापलीकडच्या अमेरिका खंडातून पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली, सावतोबांच्या नंतर सुमारे दोनशे वर्षांनी आणि त्याहूनही पुढे. गाणाऱ्यांनी आपल्या मळ्यातली मिरची त्यांच्या मळ्यात लावली असावी. त्यात वावगे काही नाही. आपणही एकमेकींच्या बागेत तेच करतो.

हाच धागा धरून मी सावतोबांच्या वेळची बाग डोळ्यांपुढे आणून पाहिली तेव्हा मजा वाटली. दसऱ्याला ज्याच्या माळांशिवाय आपले चालत नाही तो झेंडू तेव्हा नव्हता. गुलछडी नव्हती. देवळापुढचा पांढरा खुरचाफा नव्हता. बोगनवेल नव्हती. ही सारी अमेरिकेकडची. सदाफुली मादागास्करची. पेरू, पपई, सीताफळही परदेशचे पाहुणे. मग होते काय? मोगरा, जाई, जुई, बकुळ, पारिजातक, सोनचाफा, केवडा, कण्हेर, दवणा आणि तुळस. ज्ञानेश्वरांच्या अभंगात मोगरा बहरतो तो याच काळातला. म्हणजे चैत्राच्या हळदीकुंकवाला आपण जी ओंजळ देतो ती सातशे वर्षांपूर्वीच्या बाईनेही ओळखली असती.

आता थोडे आपल्या बागांविषयी. हा पुढचा विचार माझा आहे, तो सावतोबांच्या नावावर कोणी घालू नये.

आपल्याकडे फुलांवरून दरवर्षी कुरबूर होते. पहाटे उठून दुसऱ्याच्या कुंपणावरची फुले, कळ्यांसकट, तोडून नेणाऱ्या आहेत. विचारले तर देवासाठीच तर नेते म्हणतात. दुसरी कुरबूर अळ्यांची. कढीपत्त्यावर किंवा लिंबाच्या रोपावर हिरवी अळी दिसली की ताबडतोब औषध मारावयाचे, आणि दुसऱ्या दिवशी तोच कढीपत्ता फोडणीत घालावयाचा! ती अळी मोठी झाली म्हणजे फुलपाखरू होते, हे मुलांच्या पुस्तकात आपणच वाचून दाखवितो.

आपला तालुका लिंबांसाठी नावाजलेला आहे. लिंबाच्या कोवळ्या पानावर एक फुलपाखरू पिवळसर, मण्यासारखे एकेक अंडे घालते. त्यातून निघालेली अळी प्रथम पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून तिला कोणी खात नाही. मोठी झाल्यावर ती हिरवीगार होते. तिला बोट लावले तर मानेतून दोन तांबूस शिंगे बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. दोनतीन आठवडे ती पाने खाते, मग कोष करते, आणि त्यातून काळ्यावर पिवळे ठिपके असलेले ते सुंदर फुलपाखरू निघते. त्याचेच काळे भाऊबंद कढीपत्त्यावर वाढतात. रुईच्या पानांवर नारिंगी रंगाचे, कण्हेरीवर तपकिरी रंगाचे, पानफुटीच्या जाड पानांच्या आत एक चिमुकले तांबडे-काळे, सीताफळाच्या पानांवर हिरव्या ठिपक्यांचे, असे प्रत्येकाचे घर ठरलेले आहे. नुसती फुले लावून फुलपाखरे पाहुणी म्हणून येतात. त्यांचे बाळंतपण आपल्या दारी व्हावयास हवे असेल तर पाने खाऊ द्यावी लागतात. हळदीकुंकू नावाचे तांबड्या-पिवळ्या फुलांचे झुडूप पुष्कळांकडे आहे. तेही परदेशचेच, पण रुईवरची फुलपाखरे त्यावरही अंडी घालतात. घाणेरीच्या फुलांवर ती झुंबड करतात, पण घाणेरी बागेत आणू नये. ती एकदा आली की दुसऱ्या कशाला जागा ठेवीत नाही.

नव्या लावलेल्या हातभर लिंबाच्या रोपाला या अळ्या पार ओरबाडून टाकतात, हेही खरे आहे. ज्यांची बाग पोटापाण्याची आहे त्यांना माझ्यासारखीने शहाणपण शिकवू नये. रोप लहान असेल तर अळ्या हाताने उचलून मोठ्या झाडावर सोडाव्यात. मोठे झाड चार अळ्यांनी मरत नाही. घरच्या कढीपत्त्याला एक फांदी त्यांची म्हणून सोडून दिली तरी आपल्या आमटीत काही कमी पडत नाही. फुलांचेही तसेच. देवाला पाच फुले वाहावीत, पंचवीस झाडावर राहू द्यावीत. ज्याला विठ्ठल मुळ्याच्या पाल्यात दिसला त्या सावतोबांच्या हिशेबी झाडावर राहिलेले फूल देवाला पोचले नाही असे कसे होईल? महाराष्ट्र सरकारने 2015 साली नीलवंत नावाच्या मोठ्या काळ्या-निळ्या फुलपाखराला राज्याचे फुलपाखरू ठरविले. तेही लिंबाच्या जातीच्या झाडांवरच वाढते. राज्याचा मान एका अळीला मिळाला, तर आपल्या अंगणात तिला एक फांदी मिळावयास हरकत नसावी.

असो. चरित्राकडे येते.

सावतोबांचे आयुष्य अवघे पंचेचाळीस वर्षांचे. त्यात लढाई नाही, राजदरबार नाही, लांबचा प्रवास नाही. शके 1217 म्हणजे 1295 साली आषाढ वद्य चतुर्दशीस अरणलाच त्यांनी देह ठेवला. पुढच्याच वर्षी, 1296 मध्ये, अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी देवगिरीवर आली आणि त्याच वर्षी आळंदीस ज्ञानेश्वर महाराजांनी समाधी घेतली. महाराष्ट्राचे दिवस पालटू लागले. सावतोबांनी ते पाहिले नाहीत. जनाई आणि मुले मागे राहिली. त्या वर्षी आषाढात मळ्यात दारे कोणी धरली असतील, असा विचार मनात येतो. विठ्ठलच धरीत असेल, म्हणजे त्यांचा मुलगा.

अरणला त्यांची समाधी आणि मंदिर आहे. आषाढी एकादशीला गावोगावच्या संतांच्या पालख्या पंढरीला जातात. सावतोबांची पालखी जात नाही. ते जिवंतपणी मळा सोडून गेले नाहीत, म्हणून आजही जात नाहीत. त्याउलट आषाढी आटोपल्यावर त्यांच्या पुण्यतिथीच्या सुमारास पांडुरंगाचीच पालखी पंढरपूरहून अरणला येते. तेथे मोठी यात्रा भरते आणि श्रीफळहंडीचा सोहळा होतो. उंच बांधलेले नारळ फोडून प्रसाद म्हणून वाटतात.

आपल्यापैकी ज्यांना जावयाचे असेल त्यांनी पुणे-सोलापूर रस्त्याने मोडनिंबच्या बाजूस जावे, गाव त्या रस्त्यालाच आहे. रेल्वेने जाणाऱ्यांना दौंडवरून कुर्डुवाडी आणि तेथे गाडी बदलून मोडनिंब स्टेशन सोयीचे पडते. आषाढात तेथे गर्दी असते आणि पाऊसही असतो, तेव्हा छत्री बरोबर घ्यावी.